पाचव्या गिअरचा आवाज

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याने घरदार, काळज्या, औषधांच्या वेळा सगळं मागे टाकून क्षितिजाच्या दिशेने निघून जावं. माझ्या थोरल्या भावाच्या आयुष्यात हा क्षण आला तेव्हा त्याची गाडी सर्व्हिसिंगला होती.

ती तिथे बराच काळ होती. सर्व्हिस सेंटरच्या फाटकावरचा रखवालदार पुढे पुढे दादाशी, आत ॲडमिट असलेल्या माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तसा बोलायला लागला होता. "आज बरी आहे. सकाळी थोडं बाहेर फिरवून आणली," असं हळू आवाजात सांगायचा. दादाही मान हलवून "काही खाल्लं का?" एवढंच विचारायचं बाकी ठेवून आत जायचा.

दादा शहराच्या पाणीपुरवठ्यात होता. सगळी नोकरी नदीकाठच्या पंपघरात गेली. कागदोपत्री त्याचं काम पंप बघण्याचं. प्रत्यक्षात तो पंप ऐकायचा. लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर होता, त्याचं टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. आतला आवाज दांड्यातून थेट डोक्यात येतो म्हणे. आवाज बदलला की पंप बंद. साहेबाचा फोन येवो नाहीतर साहेब स्वतः येवो, पंप बंद. दादाच्या कारकिर्दीत त्या पंपघरातला एकही पंप जळला नाही, याचा त्याला फार अभिमान. शहराला त्या काळात पाणी का येत नव्हतं, हे शहराला कधीच कळलं नाही.

पंपघराच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. महिने कधीच फाडून संपले होते, वरचं चित्र तेवढं राहिलं होतं. समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता, आणि जिथे रस्ता संपतो तिथे पांढरं दीपगृह. दादाने पाळीला बसून ते चित्र इतकं बघितलं होतं, की निवृत्त होताना त्याने कुठलीही इच्छा व्यक्त न करता सरळ जाहीर केलं, "मी तिथे जाणार. मोटरसायकलवर."

"जाऊ की," वहिनी म्हणाली. "पण बस आहे तिकडची. खिडकीपाशी बसू."

"बसने माणूस पोचतो. मला जायचंय."

"मला म्हणजे? मी कुठे असणार?"

"तू मागे."

"त्यात नवीन काय आहे?" वहिनी म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

घाई असायचं कारण दादाचे डोळे. त्याला काचबिंदू निघाला होता. डोळ्यांची डॉक्टरीण तरुण होती आणि खरं बोलायची, म्हणजे अजून तिच्या प्रॅक्टिसचा जम बसला नव्हता. तिने सांगितलं, "काका, मधली नजर शाबूत आहे. कडेची चाललीय. ड्रॉप्स घातले की वेग कमी होईल, पण गेलेलं परत येत नाही."

"गाडी?"

"आत्ता चालवा. थंडीच्या आधी लायसन्सची तपासणी आहे ना तुमची? तेव्हा मी सही करीन असं मला वाटत नाही."

म्हणजे दादाला एक हंगाम मिळाला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. बोलायचं ते गाडीबद्दल.

गाडी म्हणजे सोफ्याला इंजिन बसवावं तशी होती. पुढे वाऱ्याला अडवायची काच, दोन्ही बाजूंना कपड्यांच्या पेट्या, मागच्या सीटला पाठ आणि हात टेकायला जागा. वहिनी शोरूममध्ये तिच्यावर बसली, इकडेतिकडे हलून बघितलं आणि म्हणाली, "दिवाणखान्यातल्या खुर्चीपेक्षा बरी आहे. ती खुर्चीही यांनीच आणली होती." दादाने पहिला गिअर टाकला तेव्हा 'ठक्' असा दणदणीत आवाज झाला, शेजाऱ्याने रागाने दार लावल्यासारखा. मी दचकलो. दादा खूश झाला. "हा दणका हवाच. मोठ्या गाडीचे दात जाड असतात. याची काळजी नाही."

काळजी पाचव्या गिअरची निघाली.

पहिल्या रविवारी त्याने मला मागे बसवून शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर नेलं. मला सायकलसुद्धा धड येत नाही, त्यामुळे मागे बसण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. चौथ्यापर्यंत सगळं छान चाललं होतं. पाचवा पडला, गाडीने मस्त वेग धरला, आणि दादाची पाठ एकदम ताठ झाली.

"ऐकलंस?"

"काय?"

"नीट ऐक."

मी नीट ऐकलं. वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या आवाजाखाली एक बारीक, सलग, कण्हल्यासारखा सूर होता. तीन घरं सोडून कुणीतरी मिक्सर लावलाय आणि बंद करायचं विसरलंय, असा. दादा सहावा टाकायचा, सूर गायब. पाचवा टाकला की हजर. मला तो फारसा त्रासदायक वाटला नाही. मला मिक्सरची सवय आहे.

दादाने गाडी कडेला घेतली. पेटीतून तो स्क्रूड्रायव्हर काढला. मी तर थक्कच झालो. माणूस सहलीला टॉवेल विसरतो आणि हा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता. उभ्या गाडीला पाचवा गिअर टाकून ऐकता येईना, म्हणून नुसतंच चालू इंजिनाला कान लावून तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. जाणाऱ्या गाड्या वेग कमी करून बघत होत्या. एकाने थांबून विचारलं, "काका पडले का?"

"नाही. ऐकतायत," मी म्हणालो.

तो माणूस लगेच निघून गेला.

सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार अतिशय लाघवी होता. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब्लेट, आणि प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना 'सर'. त्याने दादाला चहा दिला, मला चहा दिला, आणि गाडीवर बसून स्वतः चक्कर मारून आला.

"सर, मी मन लावून ऐकलं सर."

"मग?"

"सर, तो आवाज गाडीच्या स्वभावात आहे सर."

"स्वभावात?"

"म्हणजे या मॉडेलचं ते वैशिष्ट्य आहे. गिअर सरळ दाताचे आहेत, ते एकमेकांत बसताना थोडं गातात."

दादा म्हणाला, "गात नाहीये. कण्हतंय."

"सर, ते ऐकणाऱ्यावर आहे सर."

मी विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे तपासतो, म्हणजे नाकारतो. त्यामुळे चांगलं वाक्य मला लांबूनही ओळखू येतं, आणि हे चांगलं वाक्य होतं. मी ते मनात टिपून ठेवलं.

दादा मात्र पंपघरातला. तो म्हणाला, "मला दाखवा, दुसऱ्या गाडीला असा आवाज येतो का."

आता, या धंद्याची एक पद्धत आहे. तक्रार आली की त्याच मॉडेलची दुसरी गाडी आणायची, दोन्ही चालवून बघायच्या. दुसरीलाही तेच होत असेल, तर त्याला बिघाड म्हणत नाहीत. पद्धत वाईट नाही. घरोघरी असंच चालतं. सल्लागाराने शोरूमची चाचणीची गाडी काढली, दादाने ती चालवली, परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"तिलाही आहे."

"बघा सर!" सल्लागार आनंदला.

"म्हणजे तुमच्या दोन्ही गाड्या आजारी आहेत."

"सर, दोन्हीला आहे म्हणजे नॉर्मल आहे सर."

"घरात दोघांना ताप आला तर तुम्ही नॉर्मल म्हणता का?"

सल्लागार यावर नुसता हसला. तो अशा प्रश्नांवर हसण्याचंच प्रशिक्षण घेऊन आला असणार. मग त्याने ऑइल बदलून देतो म्हणून गाडी ठेवून घेतली, जाड ऑइल घातलं. आवाज तसाच राहिला, फक्त थोडा घोगरा झाला. परत गाडी ठेवली, साखळीचा ताण बघितला. परत ठेवली, काहीतरी घट्ट केलं. प्रत्येक वेळी गाडी धुऊन, पुसून, चकचकीत होऊन यायची आणि पाचव्या गिअरला कण्हायची.

घरी गाडीवरून काढून आणलेल्या कपड्यांच्या पेट्या भरलेल्या होत्या. वहिनीने दादाचे ड्रॉप्स एका थंड राहणाऱ्या डबीत ठेवले होते, दोघांचे स्वेटर, सुक्या खाऊचे डबे, समुद्रावर वारा असतो म्हणून कानटोप्या. लागेल ते त्यातूनच काढायचं आणि धुऊन परत त्यातच भरायचं असा क्रम सुरू झाला. दोघंजण स्वतःच्याच घरात प्रवाशासारखे राहत होते.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना," वहिनी मला म्हणाली. "आवाज तर यांच्या घोरण्यालाही आहे. मी कधी कंपनीत नेऊन दाखवलं का?"

"घोरण्याने माणूस अर्ध्या रस्त्यात बंद पडत नाही," दादा म्हणाला.

"पडत नाही म्हणूनच तर रोज ऐकावं लागतं."

"तुला कळत नाही. बेअरिंग आधी असंच कण्हतं. मग गप्प होतं. माणसाला वाटतं बरं झालं. मग शाफ्ट तुटतो." त्याने दुसऱ्या पंपघराची गोष्ट सांगितली, जी आम्हाला पाठ होती. तिथल्या माणसाने आवाजाकडे दुर्लक्ष केलं आणि पंपाचे तुकडे छतातून बाहेर गेले. पूर्वी गोष्टीत एकच तुकडा होता.

बोलता बोलता दादाने चहाचा कप ठेवला. स्टुलाच्या कडेवर ठेवला आणि कप खाली पडला. स्टूल उजवीकडे होतं. वहिनीने फडकं आणलं, फरशी पुसली, आणि जाता जाता पायाने स्टूल सरकवून दादाच्या बरोबर समोर आणलं.

मग दादाने ठरवलं की आवाज न करणारी एक तरी गाडी शोधायची. एक जरी सापडली, तरी 'स्वभाव' वगैरे भानगड संपली. मग त्यांना आपली गाडी खोलावीच लागेल. युक्तिवाद बिनतोड होता. त्यातच घोटाळा झाला.

शोधायला आम्ही रविवारी सकाळी, जिथे असल्या मोठ्या गाड्यांचे मालक जमतात त्या चहाच्या टपरीवर जाऊ लागलो. ही सगळी पोट सुटलेली, गुडघे दुखणारी, अंगात चामड्याचं जॅकेट घातलेली माणसं स्वातंत्र्याबद्दल बोलतात आणि जेवणाच्या वेळेला घरी जातात. दादा प्रत्येकाला विचारायचा, "पाचव्याला आवाज येतो?" ज्याला येत होता तो म्हणायचा, "येतो ना, छान वाटतो." ज्याच्या लक्षात आला नव्हता तो चक्कर मारून यायचा आणि उतरल्यावर दादाशी बोलणं बंद करायचा. काही आठवड्यांत आमचं टेबल वेगळं झालं.

अखेर एक दंतवैद्य सापडला. त्याची गाडी याच मॉडेलची, पण मुकी होती. दादाने ती पाचव्यात चालवली, परत आला आणि दंतवैद्याचा हात हातात घेऊन उभा राहिला. दंतवैद्य घाबरला.

"काका, काही झालं का गाडीला?"

"काही नाही. काहीच नाही! तुम्ही फक्त उद्या माझ्याबरोबर सर्व्हिस सेंटरला चला."

दंतवैद्य सज्जन होता. दुसऱ्या दिवशी दवाखाना उशिरा उघडून तो आला. सल्लागाराने दोन्ही गाड्या चालवल्या. मग आतून मुख्य मेकॅनिकला बोलावलं, त्याने चालवल्या. मग चाचणीची गाडी काढली आणि तीही चालवली. बराच वेळ ते दोघं टॅब्लेटवर डोकं घालून कुजबुजत होते. दादा विजयी मुद्रेने खुर्चीत बसला होता. त्याला मी नोकरीतल्या शेवटच्या दिवसानंतर इतकं ताठ बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

सल्लागार आला. "सर, तुमचे आभार सर. तुमच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली."

"चला. उशिरा का होईना."

"या डॉक्टरांच्या गाडीत प्रॉब्लेम आहे सर."

"काय?"

"तिला आवाज नाही. बाकी सगळ्यांना आहे. का नाही, ते बघावं लागेल. डॉक्टर, तुमची गाडी आम्ही ठेवून घेतो."

दंतवैद्य म्हणाला, "अहो, पण माझी काहीच तक्रार नाही!"

"सर, गॅरंटीत आहे सर. तुम्हाला काही त्रास होणार नाही."

त्यांनी त्या मुक्या गाडीचा गिअरबॉक्स खोलला. आत काय सापडलं ते कुणी सांगितलं नाही. काहीतरी बदललं, परत बसवलं, धुतली, पुसली. दंतवैद्य ती घेऊन बाहेर पडला, मोठ्या रस्त्यावर पाचवा गिअर टाकला, आणि दादाला फोन केला. फोनवर आधी नुसताच आवाज ऐकवला. मग म्हणाला, "काका, मी इतकी वर्षं धंदा करतोय, पण न दुखणारा दात कधी उपटला नाही."

आता शहरातल्या सगळ्या गाड्या सारख्या होत्या, आणि सल्लागाराच्या टॅब्लेटवर दादाची तक्रार हिरवी झाली. हिरवी म्हणजे मिटली.

उन्हं तिरपी होऊ लागली होती. दादा आता दारातून जाताना चौकटीला खांदा घासायचा. रस्ता ओलांडताना पूर्ण मान वळवून बघायचा, घुबडासारखी. विचारलं तर म्हणायचा, "सावधपणा आहे." एका सकाळी तो आणि वहिनी अचानक निघालेच. मला फोन आला, "भाऊजी, आम्ही चाललो!" मागे गाडी धडधडत होती आणि वहिनी सोळा वर्षांच्या मुलीसारखी ओरडत होती. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. एका दाव्यावर तर मी त्या दिवशी चक्क मंजुरी लिहिली.

जेवायच्या वेळेला ते परत आले होते.

मी संध्याकाळी गेलो तर वहिनी पेट्या उघडून बसली होती आणि दादा गॅलरीत होता.

"कुठपर्यंत गेलात?"

"शहराबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत," वहिनी म्हणाली. "छान चाललो होतो हो. वारा काय, ऊन काय. मी गाणंसुद्धा म्हणत होते, म्हटलं त्या आवाजावर झाकण पडेल. तर हे म्हणाले, गप्प बस, ऐकू येत नाही. पंपावर उतरले आणि गाडीला कान लावून बसले. पेट्रोल भरणारा मुलगा विचारतोय, किती टाकू? हे म्हणतायत, श्शू!"

"मग?"

"मग काय. म्हणाले, तुला मागे बसवून मी ही जोखीम घेऊ शकत नाही. म्हटलं, माझी जोखीम मी लग्नात घेतली, ती अजून चालू आहे. नाही ऐकलं." तिने कानटोप्या बाहेर काढल्या, बघितल्या, आणि परत आत ठेवल्या.

मी गॅलरीत गेलो. दादा समोरच्या इमारतीकडे बघत होता.

"इतकी वर्षं आवाज आला की बंद केलं," तो म्हणाला. "आता आवाज आला तरी चालू ठेवायचं, हे हातालाच जमत नाही. हात आपोआप क्लच दाबतो. मी नाही दाबत, हात दाबतो."

आमच्या खात्यात अशा वेळी 'आपली अडचण आम्ही समजू शकतो' असं लिहितात. ते लिहायला बरं वाटतं, तोंडाने म्हणता येत नाही.

शेवटी वरिष्ठ पातळीवर बरीच बोलणी होऊन कंपनीचा इंजिनिअर आला. मोठ्या शहरातून, विमानाने आला. त्याच्याकडे आवाज मोजायचं यंत्र होतं, वायरी होत्या, आणि चेहऱ्यावर कुठलाही भाव नव्हता. त्याने गाडीच्या पोटाला ठिकठिकाणी वायरी चिकटवल्या, चाकं फिरत्या रुळांवर ठेवली, पाचवा टाकला. पडद्यावर रेघा उमटल्या. दादा त्या रेघांकडे मान इकडून तिकडे फिरवत बघत होता, कारण सगळा पडदा त्याला एकदम दिसत नव्हता.

"मर्यादेत आहे," इंजिनिअर म्हणाला.

दादा म्हणाला, "साहेब, मला एकच सांगा. तुटेल का?"

"आवाज मर्यादेत आहे."

"ते ऐकलं. मी बायकोला घेऊन लांब जाणार आहे. रस्ता संपेपर्यंत. मध्ये वस्ती नाही. तुटणार नाही ना?"

"काका, तुटणार नाही असं कुठल्याही यंत्राबद्दल म्हणता येत नाही."

"मग तुटेल?"

"तसंही मी म्हणालो नाही."

"मग तुम्ही म्हणता काय?"

"मर्यादेत आहे."

माझ्या उभ्या नोकरीत मी इतकं निर्दोष वाक्य ऐकलं नव्हतं. त्याला कुठूनही हात घालायला जागा नव्हती. दादाने माझ्याकडे बघितलं, सल्लागाराकडे बघितलं. सल्लागाराने सहानुभूतीने चहा पुढे केला. या सगळ्या माणसांत एकाने, कुणीही, रखवालदारानेसुद्धा, "नाही तुटत, जा बिनधास्त" असं म्हटलं असतं, तर दादा तिथूनच निघाला असता. पण तसं म्हणायचा अधिकार कुणालाच नव्हता, आणि अधिकार नसताना बोलायची सवय आमच्यापैकी कुणालाही उरली नव्हती.

घरी आल्यावर वहिनीने विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि दादासमोर, बरोबर मधोमध, जिथे त्याला दिसतं तिथे जाऊन उभी राहिली.

"नाही तुटत. मी सांगते."

"तू कशावरून सांगतेस?"

"कशावरूनही नाही. कुणीतरी सांगायला हवं होतं ना?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. क्षणभर मला वाटलं, उठतोय. त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकलेही होते.

मग तो म्हणाला, "तुझ्या आवाजावरून कळतंय, तुलाही खात्री नाही."

थंडीच्या आधीची तपासणी आली. डॉक्टरणीकडे एक पांढरं गोल यंत्र आहे. त्यात हनुवटी टेकवून बसायचं, समोर बघायचं, आणि कडेला कुठेही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. दादाने झरझर बटण दाबलं. बाहेर मी आणि वहिनी ऐकत होतो, टकटक, टकटक, एकही चुकत नव्हतं. वहिनीने माझा हात घट्ट धरला.

डॉक्टरणीने आम्हाला आत बोलावलं, निकाल बघितला आणि खुर्ची दादाजवळ ओढली.

"काका, हे यंत्र मधून मधून नुसताच आवाज करतं. दिवा लावतच नाही. माणूस खरं सांगतोय का बघायला."

दादाने हातातलं बटण टेबलावर ठेवलं.

"तुम्ही तेव्हाही बटण दाबलंत. प्रत्येक वेळी. तुम्ही दिवे बघत नव्हतात. यंत्र ऐकत होतात."

"आतला मोटरचा आवाज बदलतो दिव्याआधी," दादा म्हणाला. "जरा बघून घ्या. बेअरिंग जाणार आहे त्याचं."

दिवसाउजेडी गाडी सावकाश चालवता येईल का, एवढ्यापुरती काही सवलत असते का, असं मी विचारलं. डॉक्टरीण नाही म्हणाली, आणि तिला ते म्हणताना फार वाईट वाटत होतं. तिच्या प्रॅक्टिसचा जम बसायला अजून वेळ आहे.

तेव्हा मी म्हटलं, दादा, आपण तिघं बसने जाऊ. तो म्हणाला, बघू. वहिनीने पेट्यांमधले कपडे कपाटात लावले. त्यासाठी तिला फार वेळ लागला नाही, कारण निम्मे कपडे तोवर वापरून विरले होते.

गाडी औषध कंपनीच्या एका विक्रेत्याने घेतली. त्याला गावोगाव फिरावं लागतं. घ्यायला आला तेव्हा दादाने त्याला सगळं सांगितलं: पाचवा गिअर, कण्हणं, सरळ दात, तीन घरं सोडून मिक्सर. स्वतः मागे बसून त्याला मोठ्या रस्त्यावर नेलं. "ऐकलंत?" विक्रेता म्हणाला, "हो, आहे थोडा." दादा म्हणाला, "विचार करा, घाई नको." विक्रेता म्हणाला, "विचार काय करायचा? चालतेय ना?" आणि किल्ली खिशात टाकली.

दादा अधूनमधून त्याला फोन करतो. सुरुवातीला विक्रेता उत्साहाने बोलायचा, आता जरा त्रासलेला असतो. गाडी त्याने डोंगरातून नेली, उन्हातून नेली, समुद्राच्या कडेच्या त्या रस्त्यानेही दोनदा नेली, कारण तिकडची तीन औषधांची दुकानं त्याची गिऱ्हाइकं आहेत. ऑइल वेळेवर बदलतो. गिअरबॉक्स अजून एकदाही उघडावा लागलेला नाही.